बोलीची रक्कम आणि हातात पडणारी रक्कम : ऑनलाइन लिलावातील वाढत्या खर्चाचा हिशेब कसा ठेवावा

जुनी नाणी, टपाल तिकिटे, बिदरीची भांडी, व्हॉल्व्हचे रेडिओ, चावीची घड्याळे, जुने कॅमेरे अशा वस्तू ऑनलाइन लिलावात विकणारी माणसे आता फक्त मुंबई-पुण्यात राहिलेली नाहीत. छत्रपती संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर येथील छोटे व्यापारी व संग्राहक त्यांत आहेत, तसेच तालुक्याच्या गावी राहून घरातील जुन्या वस्तू मोबाइलवरून विक्रीला लावणारी कुटुंबेही आहेत. बोली चांगली लागते, विक्री झाल्याचा संदेश येतो, आणि काही दिवसांनी बँकेत जमा झालेली रक्कम मात्र अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघते, हा अनुभव यांतील अनेकांना येतो. शुल्काचे दर वाढत आहेत हे खरेच आहे. पण मोठे नुकसान होते ते दर किती वाढले हे विक्रीआधी न मांडल्यामुळे, आणि ते टाळणे विक्रेत्याच्या हातात आहे.

आडतीवर सोयाबीन किंवा तूर घालणारा शेतकरी सौद्यात पुकारलेला भाव ऐकून घरी जात नाही. तो पट्टी, म्हणजे विक्री आणि कपातीच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात घेतो, हमाली किती, तोलाई किती, आणखी काय कापले ते पाहतो आणि खाली उरलेला आकडा हीच आपली विक्री समजतो. ऑनलाइन लिलावात विकणाऱ्यानेही प्रत्येक वस्तूची अशी पट्टी करावी, आणि ती विक्रीनंतर न करता वस्तू लिलावात लावण्यापूर्वी करावी. या लेखातील बहुतेक सूचना त्या पट्टीतील एकेका ओळीविषयी आहेत.

खर्च वाढत कसा गेला

या व्यवसायातील शुल्क कसे वाढले हे थोडक्यात माहीत असावे, कारण त्यावरून पुढची वाढ कोणत्या बाजूने येईल याचा अंदाज बांधता येतो. पियर ओमिदियार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत ‘ऑक्शनवेब’ सुरू केले, तेव्हा तेथे वस्तू लावायला पैसे पडत नव्हते. गर्दी वाढली, इंटरनेट सेवेचा मासिक आकार वाढला आणि तो भरून काढण्यासाठी विक्रेत्यांकडून शुल्क घेणे सुरू झाले. हेच संकेतस्थळ पुढे ‘ईबे’ या नावाने जगभर पसरले. २००८ च्या सुरुवातीला ईबेने वस्तू लावण्याचे शुल्क कमी करून विक्री झाल्यावर घ्यावयाचे शुल्क वाढवले, तेव्हा अनेक विक्रेत्यांनी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत बहिष्काराची हाक दिली होती. २०११ मध्ये अमेरिकेतील विक्रेत्यांना बोलीच्या रकमेबरोबर ग्राहकाकडून घेतलेल्या टपालखर्चावरही शुल्क लागू झाले. त्यानंतर वस्तू शोधात वर दिसावी म्हणून द्यावयाची जाहिरातीची टक्केवारी आली, आणि ज्या प्रकारच्या वस्तू सगळेच विक्रेते पैसे देऊन वर आणतात, त्या प्रकारात ही ऐच्छिक टक्केवारी व्यवहारात जवळपास सक्तीची होऊन बसली. म्हणजे मूळ दर फारसा न हलवताही एकूण खर्च वाढतो, आणि तो बहुधा अशा आडवाटेने वाढतो.

भारतात ईबेने २००४ मध्ये ‘बाझी डॉट कॉम’ विकत घेऊन प्रवेश केला. पुढे तो व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ईबेचे भारतीय संकेतस्थळ बंद झाले. देशांतर्गत ग्राहकांसाठी सर्व प्रकारच्या वस्तूंचा खुला लिलाव चालवणारे तेवढे मोठे ठिकाण त्यानंतर उरले नाही, आणि विक्रेते पांगले. कोणी ठरावीक किमतीच्या बाजारपेठांत गेले, कोणी फेसबुक व व्हॉट्सअॅपवरील गटांत लिलाव करू लागले, कोणी नाणी-तिकिटांच्या लिलाव संस्थांकडे वस्तू देऊ लागले, तर काहींनी ईबेच्या मुख्य संकेतस्थळावरून परदेशात विक्री सुरू ठेवली. या प्रत्येक ठिकाणी कपातीची रीत वेगळी असते, त्यामुळे एका ठिकाणची पट्टी दुसरीकडे चालत नाही.

पट्टी कशी मांडावी

प्रथम संकेतस्थळाचे शुल्कपत्रक स्वतः उघडून वाचावे. कोणी सांगितलेल्या दरावर विसंबू नये. वाचताना पाच गोष्टी शोधाव्यात. वस्तू लावण्याचे शुल्क आहे का आणि वस्तू विकली न गेल्यास ते परत मिळते का; विक्रीवरील टक्केवारी किती आणि ती नेमक्या कोणत्या रकमेवर आहे; प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक रुपये कापले जातात का; पैसे पोहोचवण्याचा आकार वेगळा आहे का; आणि या सर्वांवर १८ टक्के जीएसटी दाखवलेल्या दरातच धरला आहे की वरून लागणार आहे. शेवटची बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. १२ टक्के असे लिहिलेले शुल्क जीएसटी धरून १४ टक्क्यांच्या वर जाते.

समजा, निजामाच्या राज्यातील एक हाली रुपया लिलावात २,००० रुपयांना गेला आणि ग्राहकाने टपालासाठी १०० रुपये वेगळे दिले. येथील दर केवळ हिशेब समजण्यासाठी धरले आहेत. आपल्या संकेतस्थळाचे खरे दर त्या जागी घालावेत. विक्री शुल्क १२ टक्के आणि ते टपालासह २,१०० रुपयांवर धरले, तर २५२ रुपये होतात. पैसे पोहोचवण्याचे २ टक्के म्हणजे ४२ रुपये, जाहिरातीचे ५ टक्के म्हणजे १०५ रुपये आणि प्रत्येक व्यवहारामागचे ठरावीक १५ रुपये मिळून ही बेरीज ४१४ रुपयांवर जाते. त्यावर १८ टक्क्यांनी जीएसटी सुमारे ७४ रुपये ५० पैसे, म्हणजे संकेतस्थळाकडे ४८८ रुपये ५० पैसे गेले. टपालाला प्रत्यक्षात १३० रुपये लागले आणि बांधणीला ४० रुपये. हे सर्व वजा जाता हातात १,४४१ रुपये ५० पैसे उरतात. बोलीच्या रकमेतील जवळजवळ २८ टक्के गेले. हे नाणे मुळात १,३०० रुपयांना घेतलेले असेल, तर दोन हजारांच्या विक्रीत १४१ रुपये मिळाले, आणि त्यात छायाचित्रे काढण्याचे, वर्णन लिहिण्याचे, प्रश्नांना उत्तरे देण्याचे व पोस्टात जाऊन येण्याचे कष्ट धरलेले नाहीत.

पट्टीत आणखी दोन ओळी हव्यात, ज्या कोणतेही संकेतस्थळ दाखवत नाही. पहिली ओळ न विकल्या गेलेल्या आणि पुन्हा लावाव्या लागलेल्या वस्तूंची. चारपैकी तीनच वस्तू विकल्या जात असतील, तर चौथीसाठी गेलेले शुल्क आणि वेळ यांचा भार त्या तिघींवर पडतो. दुसरी ओळ परत येणाऱ्या मालाची. ग्राहकाने वस्तू वर्णनाशी जुळत नाही असे म्हणून परत केली, तर दोन्ही वेळचे टपाल अंगावर येते आणि काही ठिकाणी ठरावीक शुल्क परत मिळत नाही. वर्षभरातील अशा खर्चाची बेरीज करून, तिला विकलेल्या वस्तूंच्या संख्येने भागून, येणारी रक्कम प्रत्येक पट्टीत घालावी. ती रक्कम लहान असली तरी जेथे एकूण उरणारी रक्कमच १४१ रुपये आहे, तेथे ती फार मोठी असते.

किमान बोली काढण्याची रीत

येथे एक चूक सर्रास होते. खर्च आणि अपेक्षित मोबदला यांची बेरीज करून तिच्यावर शुल्काची टक्केवारी चढवली जाते. शुल्क मात्र विक्रीच्या रकमेवर लागते, खर्चाच्या रकमेवर नव्हे. म्हणून टक्केवारी चढवून भागत नाही, भागाकार करावा लागतो.

वरचेच उदाहरण घेऊ. टक्केवारीत लागणारी सर्व शुल्के मिळून १९ टक्के, जीएसटीसह २२.४२ टक्के. खरेदी १,३००, टपाल १३०, बांधणी ४०, ठरावीक शुल्क जीएसटीसह १७ रुपये ७० पैसे आणि स्वतःच्या कष्टाचे १५० मिळून १,६३७ रुपये ७० पैसे होतात. शंभरातून २२.४२ गेल्यावर ७७.५८ उरतात. म्हणून १,६३७.७० या रकमेला ०.७७५८ ने भागावे. उत्तर २,१११ रुपये येते. त्यांतून ग्राहक टपालासाठी देणार असलेले १०० रुपये वजा केले की किमान बोली २,०११ रुपये निघते. याऐवजी १,६३७.७० वर २२.४२ टक्के चढवले असते, तर किमान बोली १,९०५ रुपये दिसली असती आणि प्रत्येक विक्रीत सुमारे ८२ रुपये कमी पडले असते. महिन्याला तीस-चाळीस वस्तू विकणाऱ्यासाठी हा फरक महिन्याच्या वीजबिलापेक्षा मोठा होतो. ही रीत मोबाइलमधील तक्त्यात एकदा भरून ठेवली की पुढच्या प्रत्येक वस्तूसाठी फक्त खरेदी आणि टपाल बदलावे लागते.

किमान बोली आणि सुरुवातीची बोली या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या वस्तूला अनेक ग्राहक आहेत हे मागील विक्रींवरून दिसते, तिची बोली खालून सुरू करावी, कारण सुरुवातीला चार-पाच जण गुंतले की चढाओढ लागते. ज्या वस्तूला मोजकेच जाणकार ग्राहक आहेत, तिची बोली किमान रकमेपासूनच सुरू करावी. अशा वस्तूवर एकच बोली लागण्याची शक्यता मोठी असते आणि तीच शेवटची ठरते. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू विकायची नाही अशी रक्कम, ठेवण्याची सोय असेल, तर तिचे वेगळे शुल्क पाहूनच ती घ्यावी. किंमत चढवण्यासाठी ओळखीच्या माणसाला बोली लावायला सांगणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. तो मार्ग कोणत्याही कारणाने पत्करू नये.

चांदीच्या नाण्यांच्या बाबतीत आणखी एक आधार असतो, तो म्हणजे धातूचे मूल्य. निजामाच्या राज्यात चालणारा हाली रुपया साधारण ११ ग्रॅमचा असून जुन्या नाण्यांत सुमारे ९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील नाण्यांत चांदीचे प्रमाण कमी केलेले आहे. ब्रिटिश भारताचा जुना कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा होता. चांदीचा भाव किलोला एक लाख रुपये धरला, तरी जुन्या हाली रुपयात नऊशे रुपयांची चांदी आहे. बोली ९९ रुपयांपासून सुरू करून ती पाचशेवर थांबली, तर विक्रेत्याने वस्तू धातूच्या भावापेक्षाही स्वस्तात दिली असे होते, आणि वर त्या पाचशेवर शुल्कही भरले. लिलाव लावण्याच्या दिवशीचा सराफ बाजाराचा भाव पाहून ही खालची मर्यादा ठरवावी.

काय लिलावात लावावे आणि काय लावू नये

वाढत्या शुल्काला खरा उपाय वस्तूंच्या निवडीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. लिलावाचा उपयोग ज्या वस्तूची किंमत विक्रेत्यालाही नीट ठाऊक नसते आणि जिच्यासाठी एकाहून अधिक माणसे स्पर्धा करतील, अशा वस्तूसाठी होतो. मराठवाड्यात अशा वस्तू पुष्कळ आहेत. येथील तेव्हाचे पाच जिल्हे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. हाली नाणे नंतरही काही वर्षे चालू राहिले आणि सात हाली रुपयांना सहा कलदार असा दर घरोघरी माहीत होता. हैदराबाद संस्थानाने १८६९ पासून स्वतःची टपाल तिकिटे काढली आणि ती १९५० पर्यंत चालली. जुन्या दस्तांवरचे कोर्ट फीचे शिक्के, संस्थानाच्या नोटा, त्या काळातील टपालाचे शिक्के उमटलेली पाकिटे यांना देशभर संग्राहक आहेत. वापरलेल्या पाकिटावरचे तिकीट सोडवून विकू नये. लहान गावच्या टपाल कचेरीचा स्पष्ट शिक्का असलेले पूर्ण पाकीट सुट्या तिकिटापेक्षा अनेकदा जास्त मोलाचे असते.

याउलट पैठणी, हिमरू शाल किंवा नव्याने घडवलेली बिदरीची वस्तू लिलावात लावू नये. पैठणीच्या मागे विणकराचे आठवडे किंवा महिने गेलेले असतात, रेशमाचा व जरीचा भाव ठरलेला असतो, आणि म्हणून तिची रास्त किंमत आधीच सांगता येते. अशी वस्तू खालच्या बोलीवर लावणे म्हणजे विणकराच्या मजुरीवर सट्टा खेळणे होय. तिच्यासाठी ठरावीक किमतीची विक्री, प्रदर्शने किंवा थेट ग्राहक हेच मार्ग योग्य आहेत.

तीन-चारशे रुपयांच्या सुट्या वस्तूही लिलावात परवडत नाहीत, कारण व्यवहारामागचे ठरावीक शुल्क, टपाल आणि बांधणी वस्तू लहान म्हणून कमी होत नाहीत. अशा वस्तूंचा संच करावा. एकाच राजवटीची दहा तांब्याची नाणी, एकाच मालिकेतील तिकिटे, एकाच कंपनीच्या जुन्या काडीपेट्यांची लेबले असा अर्थपूर्ण संच एका पाकिटात जातो आणि एकच व्यवहार मोजला जातो. उरलेसुरले कसेही एकत्र करून लावलेला ढीग मात्र ग्राहकाला लगेच ओळखू येतो आणि त्याला बोली लागत नाही.

खर्च कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे खरे आणि पूर्ण वर्णन. नाण्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात घ्यावीत, वजनकाट्यावरील आकडा दिसेल असे एक छायाचित्र घ्यावे, झीज, ओरखडा, पूर्वी डाग दिल्याची खूण असेल तर ती शब्दांत लिहावी. नाणे चिंचेने किंवा पावडरने घासून चकाकवू नये. त्याने जाणकार ग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. दोष आधीच सांगितलेली वस्तू परत येत नाही, आणि परत न येणाऱ्या प्रत्येक वस्तूमागे दोन वेळचे टपाल वाचते. जाहिरातीची टक्केवारीही सरसकट सर्व वस्तूंवर लावू नये. दुर्मीळ वस्तू शोधणारा ग्राहक ती शोधून काढतोच; शीर्षकात राजवट, साल, टांकसाळ आणि मूल्य नीट लिहिलेले असले म्हणजे पुरते.

टपाल, बांधणी आणि अंतर

मराठवाड्यातील विक्रेत्याला या ओळीत जास्त भुर्दंड बसतो. मोठ्या शहरात कुरिअरचा माणूस दारातून पार्सल नेतो. किनवट, सेनगाव, पाटोदा किंवा भूम येथील अनेक गावांत ते होत नाही आणि पार्सल घेऊन तालुक्याला अथवा जिल्ह्याला जावे लागते. एस.टी.चे भाडे आणि गेलेला अर्धा दिवस हा विक्रीचाच खर्च आहे व तो पट्टीत यायला हवा. शक्य असल्यास सर्व लिलाव एकाच दिवशी संपतील असे लावावेत, म्हणजे आठवड्याची पार्सले एकाच फेरीत जातात.

हलक्या पाकिटांसाठी पूर्वी रजिस्टर पोस्ट हा स्वस्त मार्ग होता. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे नवे दर लागू झाले. त्यांनुसार ५० ग्रॅमपर्यंतचे पाकीट गावातल्या गावात १९ रुपयांत आणि बाहेरगावी ४७ रुपयांत जाते. त्यावर जीएसटी वेगळा, म्हणजे बाहेरगावचे पाकीट करासह सुमारे ५५ रुपयांना पडते. टपालाचा आकडा जुना ठेवून लिलाव लावणाऱ्यांचे येथेच पैसे जातात, म्हणून दर बदलला की तक्ता त्याच दिवशी दुरुस्त करावा.

मोठ्या आकाराच्या वस्तूंसाठी कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतील जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात. ग्रामोफोनचा दोन किलोचा भोंगा लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी ५० सेंटिमीटर असलेल्या खोक्यात घातला, तर तो २५ किलोचा मोजला जातो. अशी वस्तू लावण्यापूर्वीच खोके मापून दर विचारावा. नाणी, चांदी आणि नोटा अनेक खासगी कुरिअर कंपन्या त्यांच्या अटींनुसार स्वीकारत नाहीत, आणि खोटे वर्णन लिहून पाठवलेले पार्सल हरवले तर भरपाईचा प्रश्नच उरत नाही. त्यामुळे टपाल कचेरीत विम्याचा नियम विचारून विमा उतरवूनच ती पाठवावीत. नाणे पीव्हीसी या प्लॅस्टिकचे नसलेल्या पाकिटात घालून, दोन पुठ्ठ्यांमध्ये चिकटपट्टीने पक्के करावे, म्हणजे ते हलत नाही व वाजत नाही. किमती वस्तू बांधतानाचे चित्रण मोबाइलवर करून ठेवावे. तक्रार आल्यास तेवढाच पुरावा हातात असतो.

करांच्या कपाती

संकेतस्थळाच्या हिशेबात दिसणाऱ्या सर्वच कपाती खर्च नसतात. जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडून संकेतस्थळ अर्धा टक्का कर गोळा करते. १० जुलै २०२४ पूर्वी तो एक टक्का होता. प्राप्तिकराची उद्गम कपात (टीडीएस) १ ऑक्टोबर २०२४ पासून एक टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आली आहे, आणि पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीची वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असेल तर ती होत नाही. या दोन्ही रकमा विवरणपत्रात आपल्या खात्यावर जमा दिसतात, म्हणून त्या पट्टीत खर्चाच्या बाजूला न लिहिता येणे म्हणून वेगळ्या लिहाव्यात आणि विवरणपत्र भरून त्या मिळवाव्यात.

वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या व वस्तू विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी न करता, फक्त जीएसटी पोर्टलवर नाव नोंदवून क्रमांक घेऊन, संकेतस्थळावरून महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विक्री करता येते. अशा संकेतस्थळावरून राज्याबाहेर वस्तू विकायची असेल, तर नोंदणी लागते. जुन्या वस्तूंचा नियमित व्यापार करणाऱ्या नोंदणीकृत विक्रेत्याने, खरेदीवरील कराची वजावट घेतलेली नसल्यास, केवळ खरेदी व विक्री यांतील फरकावर कर भरण्याची तरतूद आपल्याला लागू होते का हे करसल्लागाराला अवश्य विचारावे. शुल्कावरील १८ टक्के जीएसटीची वजावट मिळते की नाही यावरही किमान बोली बदलते.

परदेशी ग्राहक

परदेशी ग्राहक चांगली किंमत देतो, पण पट्टीत ओळी वाढतात : आंतरराष्ट्रीय व्यवहाराचे वेगळे शुल्क, डॉलरचे रुपये करताना बँकेपेक्षा कमी मिळणारा दर, आणि परदेशी टपाल. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी बंद केली, त्यामुळे लहान पार्सलावरही आयात शुल्क लागू शकते. ते कोण भरणार हे वस्तूच्या वर्णनातच स्पष्ट लिहावे, नाहीतर पार्सल नाकारले जाते आणि सगळा खर्च विक्रेत्यावर येतो. निर्यातीसाठी आयात-निर्यात संकेतांक लागतो, त्याचे शासकीय शुल्क ५०० रुपये आहे, आणि टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रांतून कागदपत्रांची कामे करता येतात.

कायद्याची एक गोष्ट येथे फार महत्त्वाची आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेल्या वस्तू, आणि पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाची हस्तलिखिते व दस्त, खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. या व्याख्येत नाणीही येतात. हैदराबादचे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांची कारकीर्द १९११ ते १९४८ अशी असल्याने त्यांची नाणी या रेषेच्या दोन्ही बाजूंना पडतात. या नाण्यांवर साल हिजरी असते; हिजरी १३४४ म्हणजे इसवी १९२५-२६. त्या सालची किंवा आधीची नाणी परदेशी ग्राहकासाठी लावूच नयेत, आणि ही रेषा दरवर्षी एकेक साल पुढे सरकते हे लक्षात ठेवावे. घरातील मोडीतील जुने दस्त विकण्याआधी तर दोनदा विचार करावा. नव्या दिसणाऱ्या किंवा शंका असलेल्या वस्तूसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा. हस्तिदंत, वाघनखे किंवा वन्यप्राण्यांपासून केलेल्या वस्तू देशातही विकण्यास मनाई आहे.

कमी शुल्काचे इतर मार्ग

व्हॉट्सअॅप व फेसबुक गटांतील लिलावात विक्री शुल्क नसते किंवा नाममात्र असते, आणि यूपीआयने पैसे घेतल्यास कपात होत नाही. मात्र तेथे बोली लावून मागे हटणारे ग्राहक जास्त भेटतात. म्हणून जुने, नियम लेखी ठेवणारे आणि बोली मोडणाऱ्याला बाहेर काढणारे गट निवडावेत, पैसे जमा झाल्यावरच वस्तू पाठवावी, आणि नवीन ग्राहकाबरोबर छोट्या व्यवहाराने सुरुवात करावी.

मोजक्या पण खरोखर मौल्यवान वस्तू असतील, तर मुंबई, अहमदाबाद, बंगळूरु येथील नाण्यांच्या लिलाव संस्थांकडे त्या देणे अनेकदा परवडते. तेथे विक्रेत्याच्या कमिशनबद्दल बोलणी करता येतात आणि छायाचित्रे, सूची, ग्राहक गोळा करणे ही कामे संस्था करते. ग्राहकाकडून वेगळा अधिभार घेतला जातो. तो विक्रेत्याच्या खिशातून जात नाही असे दिसत असले तरी बोली लावणारा तो धरूनच आपली मर्यादा ठरवतो. करार करताना न विकल्या गेलेल्या वस्तूचे शुल्क, विमा कोणाचा आणि पैसे किती दिवसांत मिळणार, एवढे लेखी घ्यावे.

शेवटी, विक्रीआधी पैसे मागणाऱ्यांविषयी. जुनी नाणी व नोटा लाखो रुपयांना विकून देतो असे सांगून नोंदणी शुल्क, कर किंवा कमिशन आगाऊ भरायला लावणाऱ्या टोळ्या समाजमाध्यमांवर आहेत, आणि रिझर्व्ह बँकेच्या नावाचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी स्वतः दिला होता. अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि ती त्यासाठी शुल्क घेत नाही, असे तिने स्पष्ट केले आहे. या टोळ्या विशेषतः गावाकडील वयस्क माणसांना गाठतात. खरे संकेतस्थळ आपले शुल्क विक्रीच्या रकमेतून कापते किंवा आपल्या खात्यात रीतसर बिल दाखवते. कोणाच्या व्यक्तिगत यूपीआय क्रमांकावर ते मागत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, कारण पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढे जाण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता जास्त असते.